खसखस

कार्लोवात्सला उतरलो तेव्हा सव्वापाच, आणि अंधार.
नोव्हेंबरात इथे नदीचं धुकं
जिन्यानं वर येतं, तिसऱ्या मजल्यापर्यंत.

ल्येर्काबाईंनी आधी पाय पुसायला सांगितलं,
मग नाव विचारलं.
डबा बिस्किटांचा, आत रीळ.
झाकण निघताच व्हिनेगरचा झणका.
फिल्म मरायला लागली की असाच वास येतो,
बरणीत कुणी एखादा उन्हाळा मुरत घालून
विसरून जावं, तसा.

एकोणीस वर्षं शोधत होतो मी हे.
मोडलेल्या एका फिल्म क्लबाच्या वहीत एवढीच नोंद:
लादिस्लाव, फिटर. चार मिनिटं.
कॅमेरा वापरलेला नाही. प्रेक्षक सहा.
त्यांतला एक मधेच उठून गेला,
त्याचंही नाव आहे.

घरी माझ्याकडे अशी दोनशे बारा रिळं.
बायको म्हणायची, यांत काहीच घडत नाही.
मी म्हणायचो, बघ ना, काहीच न घडणं
किती नीट घडतंय.
ती गेली. म्हणजे स्प्लिटला, बहिणीकडे.

नियमानं हे लावायचंच नसतं.
हातमोजे, थंड खोली, आधी प्रत.
दर खेळाला फिल्म थोडी झिजते,
बघणाराच तिला खातो.
पण बाईंनी यंत्र केव्हाच टेबलावर मांडलेलं:
"एवढ्या लांबून आलात ते डबा बघायला?"

फ्रिजच्या पांढऱ्या दारावर
ठिपके. काळे. आधी तुरळक,
मग एकदम दाटी,
उजेडालाच गोवर आल्यासारखी.
मी मनात जुळवत होतो: लय, कण, शून्य

आणि बाई पुढे वाकल्या.
"अहो, ही तर माझी खसखस!
नाताळच्या रोलसाठी काढायला गेले, डबा अर्धा.
उंदरांना शिव्या घातल्या, सापळा लावला,
आणि हा समोर मुकाट सूप पितोय,
बोटांना डिंक!"

चौऱ्याऐंशी वर्षांचं ते हसू,
खांदे हलले, खुर्ची हलली,
त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात खसखस पिकली,
आणि तिसऱ्या मिनिटाला फिल्म अडकली.
एक दाणा दिव्यापुढे थांबला,
तपकिरी होत गेला, भोवती बुडबुडा.
मी धडपडत बटण दाबलं.
सात चौकटी गेल्या.

टेबलावर सांडलेले दोन दाणे
बाईंनी ओल्या बोटानं टिपले,
जिभेवर ठेवले.

परतीच्या गाडीत वहीत लिहिलं:
चार मिनिटं (एक बाकी). नुकसान सात चौकटी.
प्रेक्षक दोन.
चव: खवट.