वस्तरा पुसायचा कागद

मानवतच्या मोंढ्याजवळ माझं दुकान.
दोन खुर्च्या, तीन आरसे, तिसऱ्याला तडा.
पेपरचा गठ्ठा मानवत रोडला रात्रीच्या गाडीनं उतरायचा,
तिथून काबराशेठच्या लुनावर, सुतळीसकट.

पहिली दाढी व्हायच्या आत
एका पेपरचे आठ धनी झालेले असायचे.
भावाचं पान आडत्याकडं,
खेळाचं पोरांनी बाकाखाली लपवलेलं,
शब्दकोडं कुणीतरी बॉलपेननं
चुकीचं भरून ठेवलेलं.
मधलं पान तातेरावांचं. ते मोठ्यानं वाचायचे
आणि मुंजाजी ऐकायचा.
मुंजाजीला अक्षर येत नव्हतं,
पण पान उलटलेलं आवाजावरून कळायचं त्याला.

कालचा पेपर मात्र माझा.
तळहाताएवढे तुकडे करून
खणात ठेवायचे, वस्तऱ्याचा फेस पुसायला.
बाप सांगायचा, फोटोच्या तोंडावर पुसू नको,
माणूस कसाही असू दे.
म्हणून मी छोट्या जाहिराती फाडायचो.
प्लॉट विकणे आहे. नावात बदल. म्हैस हरवली.
हे सगळं फेसात भिजून
संध्याकाळी टोपलीत.

एकदा तातेराव
पान चारवर, खालून दुसऱ्या कॉलमात,
'पाथरी रस्त्यावर टमटम आणि'
एवढं वाचून थांबले.
चष्मा काढला. धोतरानं पुसला. परत घातला नाही.
म्हणाले, आज काही विशेष नाही.
पेपरची घडी मांडीखाली गेली.
मला म्हणाले, चहा सांग. साखर जास्त.

मुंजाजी बशीत ओतून सगळा चहा प्याला.
मग त्याच्या धाकट्या भावाला बोलावणं गेलं,
मग भाऊ आला,
मग जावयाचं नाव सांगितलं.
पेपर आणि मुंजाजी, मध्ये दोन हातांचं अंतर.
बातमीला तास लागला.

आता मान खाली घाला म्हणावं लागत नाही कुणाला.
माना खालीच असतात.
मागचे केस कापायला सोपं पडतं,
खोटं कशाला बोलू.
काबराशेठ गेल्या दिवाळीत येऊन बसले,
अकरा प्रती राहिल्या म्हणाले,
अकरासाठी गाडी थांबत नाही.
त्यांची कटिंग केली. पैसे घेतले नाहीत.
त्यांनी जुन्या बिलाचा आकडा काढला नाही.

पंधरा दिवसांखाली वैजनाथ खुर्चीत होता.
उजवा गाल झालेला, डाव्यावर फेस.
कापडाखाली उजेड पडला,
आरशात दिसला मला, त्याच्या पोटाजवळ.
ग्रुपवर फोटो. आडवी मोटारसायकल,
टाकीवरचं स्टिकर त्यानंच भावाला आणून दिलेलं.
तो उठला. कापड गळ्यात तसंच.
सरकारी दवाखान्याकडं पळाला, अर्धा फेस घेऊन.

चहा सांगायचं राहून गेलं.
हातात वस्तरा होता, हात आपोआप खणाकडं गेला.
खणात कंगवे.
मनगटाला पुसला.

दहाव्याला गोदाकाठी मीच गेलो,
त्याचं डोकं करायला.
डाव्या गालावर दहा दिवसांची दाढी,
उजव्यावर एक दिवसाची कमी.
फोन दगडावर पालथा ठेवला होता त्यानं.
पाणी लावताना म्हणाला,
मामा, पेपरात फोटो दिलाय त्याचा. आज आलाय.
पेपर कुठं मिळंल?

मी परभणीचं नाव सांगितलं.
संध्याकाळच्या बसनं जाऊन त्यानं पाच अंक आणले,
चार घरात, एक मला दिला.

आता फेस पुसायला टिश्यूचा डबा आहे.
पांढरा कागद, त्यावर काही नसतं.
तो अंक खणात आहे, कंगव्यांखाली.
कालचा झाला, परवाचा झाला.
मुंजाजी येतो अधूनमधून, दाढी नसली तरी.
विचारतो, काय म्हणतोय पेपर?
मी खण उघडतो,
आणि म्हणतो, थांबा, चहा सांगतो.