४०२, पूर्वेची भिंत

गच्चीचं काम एप्रिलमध्येच उरकायचं,
जूनमध्ये कंत्राटदार फोन उचलत नाही :
किल्ली देताना खानोलकर एवढंच बोलले.
आणि ही वही. आमच्या भांडुपच्या सोसायटीची
तेवीस वर्षांची गळती, फ्लॅटवार.

मी मानद सचिव. मानद म्हणजे
रात्री अकराला बेल वाजते,
दारात डिकुन्हाबाई, हातात रिकामी बादली.
मेमध्ये टँकर. ऑगस्टात लिफ्टच्या खड्ड्यात बेडूक.
सप्टेंबरात वार्षिक सभा, कोरमअभावी
अर्धा तास तहकूब, मग त्याच अकरा खुर्च्या,
तेच पार्किंग.
थंडीत, म्हणजे आपल्या इथे जी काय असते तिच्यात,
गिलाव्यावर काठी ठोकत फिरायचं,
पोकळ वाजला की खडूनं फुली.

चारशे दोनच्या पानावर दर पावसाळ्यात एकच नोंद :
'बेडरूम, पूर्वेची भिंत, ओल. पाहून आलो.'
दुरुस्ती कुठेच नाही. खर्च शून्य.
मी चिडून वर गेले. ऐन श्रावणात
भिंत ठणठणीत कोरडी.

लोटलीकर म्हणाले, ओल नव्हतीच कधी.
ही गेली त्या वर्षी पहिल्यांदा तक्रार लिहिली.
खानोलकर आले, भिंतीवर तळवा ठेवून
बराच वेळ उभे राहिले,
म्हणाले, आहे खरी.
साखर कमी घाला चहात.

यंदा लोटलीकरांची चिठ्ठी आली नाही.
ऑडिटरला काय सांगायचं ते बघू.
जुलैच्या रकान्यात मी लिहिलं :
४०२. ओल आहे.
पुन्हा पाहावी लागेल.