पहारा थोडा कमी

उद्या दहाला सामनगावची पोरं येणार,
तीन ढोलक्या, एक बेंजो, चार गळे,
आणि देवळाली कॅम्पात सेकंडहँड घेतलेला
आठ चॅनलचा डबा
माझ्या नव्या लॅपटॉपला परका.
लॅपटॉप म्हणतो, एक्स्टेन्शन अडवलं आहे.
डबा काहीच म्हणत नाही.
त्याच्या वतीने बोलायला कंपनीच उरली नाही.

जेल रोडला रात्रीचे साडेअकरा.
भिंतींना जुन्या गाद्यांचा फोम, पंखा बंद,
बाबा स्टुलावर, बनियनमध्ये,
झोप येत नाही म्हणून आलेले.
"काय अडलंय?"

सांगितलं, जमेल तितक्या सोप्या भाषेत:
मशीन बंद करायचं. मग बटण दाबून धरायचं.
मध्येच सोडलं तर नेहमीच्याच दारातून उघडतं,
धरून ठेवलं की मागचं दार येतं.
तिथे दोन ओळी असतात.
वर फुल सिक्युरिटी,
खाली रिड्यूस्ड.
ठिपका खालच्या ओळीवर आणायचा
आणि तिच्या पोटातल्या चौकोनात टिक करायची.

"म्हणजे पहारा उठवायचा?"
उठवायचा नाही बाबा. थोडा कमी करायचा.
"थोडा म्हणजे किती?"

हे मलाही नीट माहीत नव्हतं,
आणि विचारणारा माणूस
एकतीस वर्षं प्रेसमध्ये होता.
रोज सुटताना बूट काढ, डबा उघड, हात वर.
रिटायर होऊन नऊ वर्षं झाली
तरी शिंप्याने टेप काढली की हात आपोआप वर जातात.
मॉलच्या दारात तर रांगेत चौथा नंबर असतानाच.
आई हसायची. कुणी सांगितलं का तुम्हाला, म्हणायची.

मी बटण धरून बसले.
काळ्या पडद्यावर काहीच येईना.
आणि बाबा, जे प्रेसबद्दल कधी बोलत नाहीत,
बोलले:

"तू झालीस त्या दिवशी दुपारी
बिटकोतून गेटवर फोन आला.
गेटवर तिडके. सख्ख्या बापाला सोडायचा नाही असला माणूस.
मी बूट काढायला वाकलो,
तर म्हणाला, राहू दे गांगुर्डे, पळ."

मग?

"मग काय, पळालो.
आणि दवाखान्यापर्यंत तीनदा थांबून
स्वतःचेच खिसे तपासले.
रसवंतीसमोर डबा उघडला.
बूटही काढले, भर रस्त्यात.
म्हटलं, तिडकेने नाही पाहिलं,
तर आता आपल्यालाच पाहायला हवं."

काय निघालं?

"काय निघणार. अर्धी भाकरी."

पडद्यावर दातेरी चक्र आलं होतं,
कधी आलं कळलंच नाही. बोट अजून बटणावरच.
आत गेले. दोन ओळी होत्याच,
मला वाटल्या होत्या त्याहून बारीक.
मशीनने एकदा बजावलं,
मी वाचलं. पुन्हा वाचलं.
एरवी असलं काही मी वाचत नाही.
मग ठिपका खाली आणला.

पासवर्ड मागितला तसे बाबा उठले,
भिंतीकडे तोंड करून उभे राहिले,
हात पाठीमागे,
नजर फोमच्या खड्ड्यांत.
माझा पासवर्ड म्हणजे आईचं माहेरचं आडनाव
आणि लग्नाचं साल.
वायफायचाही तोच आहे. त्यांनीच तर सुचवला होता.

रीस्टार्ट.
परवानगी द्यायची का? दिली.
पुन्हा रीस्टार्ट.
डब्यावर हिरवे दिवे लागत गेले,
एक, दोन, चार, मग तीन,
पाच, सहा, आठ.
सातवा लागला नाही.
वायर काढून पाहिली, फुंकर मारली, चापट मारली.
ठीक आहे. दोन गळ्यांना एक माइक देईन,
भाऊ-भाऊच आहेत ते.

ढोलक्यांसाठी नवी फाइल उघडत होते
तेव्हा मागून आवाज आला,
भिंतीला विचारल्यासारखा:

"टाकलास?"
कधीच टाकला बाबा.
"मग वळू?"