फरशीवरचं 'नाही'

हल शहरात, मासळीबाजाराला लागून,
रेडिओचं एक बसकं ऑफिस होतं.
वरच्या मजल्यावर एनिड थ्वेट टेप कापायची.
पाव इंची तपकिरी फीत,
पिवळी मेणपेन्सिल, दाढीचं पातं.
रस्त्यावर माइक धरायचा आणि जनता वर आणायची:
त्या दिवशी सतरा माणसं, अकरा मिनिटं.
हवी होती चाळीस सेकंदं.

या कामाला तिथे म्हणतात व्हॉक्स पॉप.
एक अख्खा शब्द, एक मोडका.
एनिडला वाटायचं, बाटलीचं बूच उडतं
त्यावरून असेल.

सांगितलं ते रात्रपाळीच्या रखवालदाराने.
क्लेमेंट ऑस्गर्बी. पूर्वी लॅटिन शिकवायचा;
शाळेने लॅटिन सोडलं, मग याने शाळा.
चहात बिस्कीट बुडवून धरत म्हणाला,
"सबंध ओळ ठाऊक आहे का, पोरी?
व्हॉक्स पॉप्युली, व्हॉक्स देई.
लोकांचा आवाज तोच देवाचा आवाज."

(आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर.
आपण पाचांवर भागवतो.)

"आणि तीही सबंध नव्हे," बिस्कीट तुटून कपात पडलं,
त्याने तिकडे पाहिलंही नाही.
"बाराशे वर्षांमागे एका पंडिताने राजाला लिहिलं:
असं म्हणत फिरणाऱ्यांचं ऐकू नका,
जमावाचा गलका
वेडाच्या भिंतीला भिंत लावून राहतो."

लॅटिनमध्ये नकार आधीच उभा असतो, दारवानासारखा.
मराठीत तो शेवटी येतो,
जाता जाता उंबऱ्यावर आठवलेल्या निरोपासारखा.
पुढून कापा, मागून कापा,
पात्याला काय.

पाचशे वर्षांनी एका आर्चबिशपने
याच ओळीवर प्रवचन केलं, राजा गादीवरून उतरला.
दारवान तोवर गायब.
पुढे लंडनमध्ये चोपडी निघाली, गुपचूप, रात्रीची.
छापखान्यातलं एक पोर, नुकतं मिसरूड फुटलेलं,
ही ओळ मथळ्यात असलेलं पान छापलं म्हणून फासावर गेलं.
सतराशे एकोणीस. नोव्हेंबर.
ऑस्गर्बी इथे थांबला.
"माझ्या वर्गातली सगळी त्याच वयाची असायची," म्हणाला,
आणि चमच्याने बिस्किटाचा गाळ काढत बसला.

मग केव्हातरी ओळीतून देव कापला गेला.
मग 'युली'.
उरलं पॉप.

एनिडचे हात थांबले ते तेव्हा नव्हे,
तो किल्ल्या वाजवत जिना उतरून गेल्यावर.
दुपारी हेरिंगवाली डॉरिस लाव्हरॅक म्हणाली होती,
"परक्या बोटी बुडवा, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, बाई."
चाळीस सेकंदांत बसलं होतं:
परक्या बोटी बुडवा.
छान बसलं होतं. शेवटी घंटेसारखं.
सहाच्या बातम्यांनंतर ते वाजूनही गेलं होतं.

ती गुडघ्यांवर बसली.
टेबलाखाली फितींचा गुंता, न्हाव्याच्या दुकानासारखा.
एकेक तुकडा उचलून यंत्राच्या डोक्यावरून
हाताने ओढत गेली:
कुणाचा खोकला.
सीगल.
"अं… म्हणजे तसं नाही, पण…"
"तुम्ही कुठल्या रेडिओच्या?"
एक लांब तुकडा निव्वळ श्वासाचा.
कुणीतरी काहीतरी बोलायच्या बेतात,
आणि नंतर बोललंच नाही.

त्या यंत्रावर एक सेकंद म्हणजे एक वीत.
पहाटे तिला सापडली ती जेमतेम दोन विती:
"असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, बाई."

सकाळी तुकडा पाकिटात घालून ती बाजारात गेली.
डॉरिस बर्फ फोडत होती.
शेजारचा कोळंबीवाला ओरडला,
"काय डॉरिस, कधी बुडवायच्या?"
आणि चार-पाच जण हसले.

"दोन हेरिंग," एनिड म्हणाली.
डॉरिसने तिला ओळखलं.
तोलले, कागदात गुंडाळले,
सुटे पैसे एकेक मोजून हातावर ठेवले,
आणि या वेळी तोंडातून
एक शब्द काढला नाही.