बाकी सहा

मानखुर्द, बिल्डिंग नंबर तेवीस, सातवा मजला.
लिफ्ट बंद, म्हणून शिकवणी जिन्याच्या वळणावर.
सिमेंटच्या जाळीतून जेवढा उजेड येतो
तेवढ्यात मावतील तेवढी मुलं.

तायड्यांच्या दिव्यांकानं वहीला भोक पाडलंय.
नऊशे अठरा भागिले चोवीस.
चार लावले, खोडले, परत चारच लावले, परत खोडले.
रबराचा काळा चुरा स्कर्टवर,
आणि गणिताच्या मधोमध आता
पलीकडच्या पानावरचं मराठीचं शुद्धलेखन दिसतं.

'चोवीस चोक शहाण्णव,' ती म्हणते,
'आणि वर तर एक्क्याण्णवच आहेत.'
रडण्याच्या अलीकडचा आवाज.
मी म्हणतो, मग चार जास्त झाले. एवढंच झालं.
ती म्हणते, 'चुकलं.'

जास्त होणं आणि चुकणं
यांत एक अख्खा स्टॉप येतो,
हे हिला कुणी सांगितलेलं नाही.

मी तेहतीस वर्षं बेस्टचा कंडक्टर.
डोकी मोजत कुणी बसत नाही, बाळा.
डबलडेकरच्या पायरीवर उभं राहून नजर फिरवायची:
खाली चाळीसेक, वर तिसांच्या आसपास.
मग पेटीवर चिमटा टकटकवत पुढे सरकायचं,
आणि डेपोत हिशेब लागेपर्यंत
अंदाजावर भरवसा ठेवायचा.
पूर्ण नाही. तिकिटापुरता.

चोवीस तोंडात अडखळतंय ना, पंचवीस धर.
'पण पंचवीस नाहीयेत.'
नसू देत. उसने घे, नंतर परत कर.

एक्क्याण्णवात पंचवीस किती वेळा?
तीन, ती बोटं न मोडता म्हणते.
चोवीस त्रिक बाहत्तर. उरले एकोणीस.
वरचा आठ खाली उतरतो,
एकटाच, लिफ्टशिवाय.
एकशे अठ्ठ्याण्णव.

आता ती स्वतःच पंचवीस धरते, सात लावते.
चोवीस सत्ते एकशे अडुसष्ट,
आणि खाली उरतात तीस.
तीस!
तिसांत तर अजून एक चोवीस आरामात बसेल.
आधी जास्त झालं होतं, आता कमी पडलं,
हात सवयीनं रबराकडे.
मी रबर उचलून सदऱ्याच्या खिशात टाकतो.
एक आडवी रेघ मार सातावर, म्हणतो, आणि शेजारी आठ लिही.
राहू दे त्याला तिथेच,
त्यानंच तर आठाचं घर दाखवलं.

ती रेघ मारते, अगदी हलकी,
झोपलेल्या माणसाला ओलांडावं तशी.

मग थांबून म्हणते,
'काका, आमच्याकडे पण चोवीसच असतात.
एका पुठ्ठ्यावर चोवीस पिना, केसांच्या.
आई बघत पण नाही, मूठ भरते नुसती.
कधी दोन जास्त येतात, कधी तीन कमी.'
जास्त आल्या तर?
'टोपात परत टाकते.'
आणि खोडत नाही?
ती माझ्याकडे बघते,
म्हातारा हुकला की काय, अशी.
'पिना कशा खोडणार?'

मी काही बोलत नाही.
शर्विल आणि मिस्बाह दोघंही
आपापली रबरं मुठीत लपवतात.

चोवीस अठ्ठे एकशे ब्याण्णव.
भाग अडतीस वेळा. खाली सहा.
सहाभोवती ती चौकट काढते, कोपरे नीट जुळवून.
शेठ पुठ्ठ्यांचेच पैसे देतो, सांगते.
उरतात त्या पिना बरणीत,
दुसऱ्या दिवशीच्या उरलेल्यांत मिळवायला.
सहाच उरल्या रोज
तर चौथ्या दिवशी किती पुठ्ठे,
हे तिनं मला विचारलं,
आणि मी विचार करेपर्यंत सांगूनही टाकलं.

वरून हाक येते, पाणी आलंय.
दप्तर खांद्यावर, दोन पायऱ्या एकदम,
आणि कठड्यावरून खाली वाकून:
'काका, बाकी?'
बाकी काय, मी म्हणतो, बाकी सगळं ठीक,
गुडघा जरा दुखतो.

'तसं नाही हो,' ती ओरडते,
'बाकी सहा! बरोबर ना?'