तक्रार क्रमांक दोनशे सतरा

भोसरीत गुरुवारी वीज नसते.
लेथ गप्प, ग्राइंडर गप्प,
कूलंटचा वास तेवढा भिंती धरून राहतो.
मी टेबलापाशी एकटी:
फोन, वही, शाईचा ठसा.

शिकलगार चाचा गुरुवारीच फोन करतात.
"बाकीच्या दिवशी तुमची यंत्रं बोलतात, बाई,
तुमचं राहून जातं."
चाळीस वर्षं रेंजवर काढलेला माणूस.
डावा कान गेल्यात जमा,
उजव्यात सतत शिट्टी,
कुकर उतरवायचा राहिल्यासारखी.

आमचा माल म्हणजे एक हातप्रेस.
बिडाचा, हिरवा,
रसवंतीच्या चरकाचा धाकटा भाऊ शोभेल असा.
परवाना असलेल्या क्लबांना जातो, वर्षाला चाळीसेक.
झाडलेलं पितळ खालून चढतं,
फुगलेलं अंग डायमध्ये दाबून पुन्हा मापात येतं,
मग टोपी, मग दारू, मग शिसं.
हे मला पाढ्यासारखं पाठ.
गोळी मी आयुष्यात झाडलेली नाही.
कासारशेठना एकदा विचारलं होतं, कुणाला लागते हो ही?
"कागदाला," म्हणाले, आणि चहा मागवला.

तर तक्रार अशी:
टोपी बसवणाऱ्या दांड्याखालची स्प्रिंग उडाली.
"तांदळाएवढी, बाई,
फरशीवर पडली की अल्लाला प्यारी."
पावती आहे का, विचारलं. होती.
तारीख ऐकून हसूच आलं.
तेव्हा माझा उन्मेष बालवाडीत होता.
आता रात्रपाळीला हिंजवडीत बसून
इंग्रजीतून कुणाकुणाची माफी मागतो,
ज्यांची वस्तू त्यानं बनवली नाही,
पाहिलीही नाही.

शेठ म्हणाले, नवं मॉडेल सुचवा.
मी सुचवलं नाही.
संध्याकाळी परतताना दापोडीत उतरले,
गजधनेकडून वळवून घेतल्या चार स्प्रिंगा.
एक बसवायला, तीन हरवायला.
लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटात घातल्या
आणि बिलावर लिहिलं: निरंक.

पुढच्या गुरुवारी फोन.
"बसली."
मग इतका वेळ काही नाही, की वाटलं लाइन गेली.
"एक विचारू? एकच पितळ किती वेळा भरायचं?"
त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे.
तरी पुस्तिका काढली, पान नऊ,
मोठ्यानं वाचलं:
मानेपाशी तडा दिसल्यास बाद समजावे.
प्रत्येक वेळी उजेडात धरून पाहावे.
"प्रत्येक वेळी," ते म्हणाले,
शाळेत बाईंच्या मागून म्हणावं तसं.

मग कळलं, क्लब मिटतोय.
सभासद नऊ, त्यातले दोघे अमेरिकेत मुलाकडे.
पण कळसकरांची पोर आहे, पंधरा वर्षांची,
तीनशे मीटरवर पालथी पडून
असा श्वास धरते की बघणाराच घाबरावा.
तिचा एवढा हंगाम निघाला म्हणजे झालं.

वहीत शेवटचा रकाना असतो:
ग्राहक समाधानी आहे / नाही.
तो मी तसाच ठेवलाय. शेठ अजून ओरडले नाहीत.

पोस्टानं काल एक डबी आली खडकीहून.
आत रुमालात एकच रिकामं पितळ,
आणि चिठ्ठी, उर्दू वळणाच्या मराठीत:
हे बाद आहे. बघा, दिसतं का.

घरी आणलं. दुपारचे चार.
उन्मेष झोपलेला, कूस भिंतीकडे,
कानावर हेडफोनचा लाल वळ.
खिडकीशी नेऊन पितळ फिरवून फिरवून पाहिलं,
चष्मा लावून, चष्मा काढून.
मला काही दिसलं नाही.

उद्या गुरुवार. विचारीन,
कुठून धरायचं.