चौथी पायरी

मार्केट यार्डात आम्ही दोघं एकाच अडत दुकानात,
मी पट्ट्या लिहायचो, आदगोंडा काट्यावर.
हळद अंगात अशी मुरायची
की आंघोळीचं शेवटचं पाणीसुद्धा पिवळं.
लग्नाला वीस वर्षं झाली, गुरव, तो म्हणायचा,
आपली हळद काय उतरंना.

सुटल्यावर भडंगाचा एक पुडा, दोघांत.
शेंगदाणे वेचून तो माझ्या बाजूला सरकवायचा,
दातांमुळं, असं सांगायचा.
त्याचे दात चांगले होते.

पावसाळ्यात सांगलीत कुणी कुणाला नमस्कार करत नाही,
किती झालं? म्हणतात.
समोरचा फूट सांगतो.
पुलापाशी अडतीस. एकोणचाळीस.
त्या वर्षी एकेचाळीसला तो माझ्या दारात,
विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
माळ्यावर पोती टाकायचीत, शिडी दे.
दिली.
दुसऱ्या रात्री पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा
त्याच्या दाराला कुलूप,
शिडी आत.

खुर्चीवर स्टूल, स्टुलावर मी.
जेवढं वर गेलं तेवढं गेलं.
राहिली ती खालची ट्रंक,
तिच्यात आईचा एकुलता एक फोटो,
ज्यात ती हसत नव्हती, पण हसायच्या बेतात होती.
चिखल धुतल्यावर कागदावर
नुसता पदराचा काठ.

चहाच्या गाड्यावर, चार हमालांदेखत, मी म्हणालो,
शिडी नेलीस ती नेलीस, लाजही नेलीस.
त्यानं बशीतला चहा संपवला,
पैसे दोघांचे दिले.

मग सहा वर्षं.

राग पहिल्याच महिन्यात विटला होता,
पण गाठ कुठल्या टोकानं सोडायची ते सापडेना.
तो गणपतीच्या देवळाकडून येताना दिसायचा,
डाव्या पायावर जरा कलून,
मी मनात म्हणायचो, वय झालं गड्याचं,
आणि वाकून चपलेचा अंगठा तपासायचो.
थोरलीच्या लग्नाची पत्रिका आली,
माझं नाव त्याच्याच अक्षरात,
काटेवाल्याचं अक्षर: आकडे सुरेख, काने वाकडे.
मी आहेर पाठवला. गेलो नाही.
जायला हवं होतं हे आत्ता लिहिताना कळतंय,
असं लिहिणार होतो,
पण तेव्हाही कळत होतं.

परवा पहाटे नळाला पाणी आलं म्हणून उठलो
तर कंपाउंडला टेकून शिडी.
चिठ्ठी नाही. हाक नाही.
आमचं म्हातारं कुत्रं भुंकलं नाही,
म्हणजे त्यानं ओळखलं असणार.

आपलीच का ही? पद्मल म्हणाली.
आपलीच. फक्त चौथी पायरी नवी.
बाभळीची, हातानं तासलेली,
एक गाठ तशीच ठेवलेली, खिळे नीट बसवलेले.
जुनी चौथी पायरी करकरायची,
मला ठाऊक होतं.
जपून चढ, एवढं त्याला सांगायचं
त्या घाईत राहून गेलं होतं.

बादली भरून वाहायला लागली.

कुलूप. पोती. एकेचाळीस फूट.
एक पाय कलून चालणारा माणूस.
म्हणजे त्या रात्री तो
सासुरवाडीला नव्हता गेला, विश्रामबागेत,
जसं मी गल्लीभर सांगत होतो.
मिरजेला नेला असणार, दवाखान्यात,
आणि सहा वर्षांत एकदाही, कुणाजवळही,
चहाच्या त्या गाड्यावरसुद्धा, त्यानं

मी शिडी भिंतीला लावली.
चौथ्या पायरीपर्यंत चढलो आणि उभा राहिलो.
तळव्याला ती गाठ टोचत होती.
वर काय पाहिजे तुम्हाला? खालनं पद्मल.
काही नाही, म्हणालो.

भडंगाचा पुडा कालच आणून ठेवलाय,
आज संध्याकाळपर्यंत सादळेल.
चैत्र आहे, नदी तळाला गेलीय,
घाटाच्या खालच्या पायऱ्याही कोरड्या.
तरी त्याच्या दारात जाऊन आधी
किती झालं? एवढंच विचारता येईल.
आकडा त्याला तोंडपाठ असणार.